जेवणाच्या सुट्टीत अडकलेली तलवार

तीर्थरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार (वाकले आहे ती टेबलावर, लिहायला, पण त्यातच तुमच्या पायांपर्यंत पोचले असं समजा).

तुमचा गुडघा कसा आहे? मामी खोकल्याचं औषध घेतात का, की अजूनही नुसता वास घेऊन बाटली पुन्हा फडताळात ठेवून देतात? आम्ही सगळे ठीक. हे फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्येच हसता आणि मामी शेजारून "काय म्हणतेय, काय म्हणतेय" करतात, म्हणून मुद्दाम पत्र. शेवटपर्यंत वाचा, आणि चष्मा लावून वाचा.

तर झालं असं. मी शाळेत मुलींना तलवारबाजी शिकवते हे कुणीतरी कुणाला तरी सांगितलं, आणि एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या सामानाचं प्रदर्शन भरवणाऱ्या संयोजकांचा मला फोन आला. जादूगार, राक्षस आणि उडते घोडे असायचे त्या सिनेमांतल्या तलवारी त्यांना सापडल्या होत्या. त्यातली सर्वांत उत्तम निवडून दाराशी काचेच्या पेटीत ठेवायची. परीक्षक दोन. दिसण्याचे गुण द्यायला एक सराफ, आणि लढायला ती कितपत कामाची याचे गुण द्यायला मी. मी लगेच हो म्हटलं. (मला आजवर कुणी परीक्षक केलेलं नाही. लग्न ठरतानासुद्धा मी उमेदवारच होते.)

सामानघर म्हणजे पत्र्याखालची एक लांबलचक खोली. भिंतीशी कागदाच्या लगद्याचे खांब उभे, खुंट्यांवर मुखवटे. ते सगळं एक बाई कित्येक वर्षं राखत आल्या आहेत. त्या एकेक तलवार आणून टेबलावर ठेवायच्या आणि आम्ही गुण द्यायचो. पहिलीला इतकी शिंगं आणि पंख होते की उगारली तर शत्रूच्या आधी आपलाच कान जावा. सराफांनी तिला दहापैकी नऊ दिले. मी अर्धा, तोही मुठीला दोरी नीट गुंडाळली होती म्हणून. दुसरी ज्वालांची. तिच्या मुठीत सेल आणि बटण. ऐन लढाईत सेल संपले तर नायकाने शत्रूला जरा थांब म्हणायचं. तिसरी हिऱ्यामाणकांची. सराफांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि ही बायकांच्या कोटाची बटणं आहेत असं अतिशय दुःखाने जाहीर केलं. चौथी पाठीवर बांधायची. पडद्यावर नायक ती खांद्यावरून सर्रकन उपसतो. मी बांधली आणि उपसायला गेले. माणसाचा हात तेवढा लांब नसतो, मामा. पातं निम्मं म्यानात, निम्मं बाहेर, कोपर डोक्यावर, अशी मी अडकले, आणि सराफांनी मला टेबलाभोवती फिरवत फिरवत सोडवलं (मी पुढे, ते मागे, बघणाऱ्याला वाटलं असतं बैल हाकतायत).

शेवटी बाई म्हणाल्या, "अजून एक आहे. पण ती मी आणत नाही. तुम्हीच उचला."

कोपऱ्यात जुन्या पडद्याच्या कापडावर ती नुसती ठेवलेली होती. सरळ पातं, मुठीपाशी एक आडवी पट्टी, काळपट चामडं, बाकी काही नाही. धार नव्हती, पण टोक होतं. सराफांनी नाक मुरडून एक गुण दिला. मी मूठ धरली तर अगदी रोजच्या वापरातली वस्तू असावी तशी हाताला बसली. पण जड, हात ताठ करून भरलेली बादली धरावी तशी. मनगट दमलं म्हणून मी वळले, आणि खिडकीकडे तोंड होताच ती हलकी झाली. इतकी, की हातात आहे ना हे बघावं लागलं. जरा डावीकडे नेली की बादली. परत खिडकीकडे, की काडी. माझीच शीर आखडली असेल म्हणून मी ती सराफांना दिली. सराफ म्हणजे भाजी चिरायच्या सुरीलाही भिणारा माणूस (हे त्यांनीच सांगितलं). त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, गोल फिरले आणि खिडकीसमोर थांबले. मग त्यांचा उजवा पाय पुढे पडला, हात वर गेले, आणि तलवार खाली येता येता मध्येच थबकली, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर.

"हे मी केलं नाही," सराफ म्हणाले.

मग संयोजकांनी उचलली. तोच पाय, तसेच हात, तिथेच थबकणं. खिडकीबाहेर नुसती शेजारच्या गोदामाची भिंत होती. आम्ही ती अंगणात नेऊन पाहिली, तिथेही तिची दिशा तीच. त्या दिवशी चहा आला तो कुणी प्यायला नाही.

पुढच्या खेपेला गेलो तर ती खिडकीकडे जड झाली होती आणि जिन्याच्या दाराकडे हलकी. सराफ नेमके त्या दाराशी उभे होते, ते निमूटपणे बाजूला सरकले. बाई मुखवट्यांवरची धूळ पुसत होत्या. त्यांना विचारलं, हे काय आहे.

"ज्याच्यावर ती उगारलेली आहे तो माणूस हलला असेल," त्या म्हणाल्या.

"कोण माणूस?"

"ते मला काय माहीत. ती कुठे बघते तेवढं मला दिसायचं, म्हणून गुंडाळून ठेवली होती. महिन्यापूर्वी या साहेबांनी उघडली."

संयोजकांनी कपाटातून त्या सिनेमाचं छायाचित्र काढलं. सिनेमा पुरा झालाच नाही म्हणे. शेवटच्या प्रसंगात नायक सिंहासनावरच्या काळ्या राजाच्या छातीत तलवार खुपसतो. नायकाने पाऊल टाकलं, हात उगारले, तलवार निम्मी खाली आली, आणि तिथेच त्याचं दिग्दर्शकाशी भांडण पेटलं. डोकी थंड व्हावीत म्हणून जेवणाची सुट्टी जाहीर झाली, ती आजतागायत संपलेली नाही. छायाचित्रात काळ्या राजाने मुखवटा घातला आहे. पण त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे, आणि त्या खांद्यावर बसून लहानपणी मी किती वेळा घसरले आहे ते मलाच ठाऊक. मोठ्या नटांच्या बदली उड्या मारायच्या, पडायचं आणि मरायचं हा तुमचा जन्माचा धंदा, मामा. पण हा सिनेमा तुम्ही आम्हाला कधी सांगितला नव्हता.

मी मामींना फोन केला. तुमच्या स्वेटरचं माप विचारायला केलेला तो फोन (माप हे निमित्त, मला स्वेटर विणता येत नाही). त्यात कळलं की मध्यंतरी तुम्ही थोरल्या लेकीकडे राहून आलात. आणि हेही कळलं की महिनाभर तुमच्या डाव्या बरगडीखाली टोचतंय, डॉक्टरांना काही सापडत नाही, आणि हे मला सांगायचं नाही अशी मामींना ताकीद आहे. मी शाळेतल्या भूगोलाच्या बाईंकडून नकाशा मागून आणला. सामानघराच्या खिडकीची रेघ तुमच्या घरावरून जाते. जिन्याच्या दाराची थोरलीच्या.

तलवारीला मी दहापैकी दहा दिले. खोटं कसं लिहू? इतकी कामाची तलवार मी पाहिलेली नाही. सराफांनीही आपला एक खोडून दहा केले. म्हणाले, उगाच तिच्याशी वैर नको. आता ती दाराशी काचेच्या पेटीत बसणार. आणि माझ्या तोंडाला म्यान नसल्यामुळे मी संयोजकांसमोर तुमच्या खांद्याचं बोलून बसले. त्यांना आनंद मावेना. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून तुम्हाला बोलावणं येईल. तुम्ही कोटाला इस्त्री करायला धावाल, मी ओळखते तुम्हाला. येऊ नका. गुडघा सांगा, मामींचा खोकला सांगा, काहीही सांगा, पण तिच्यासमोर येऊन उभे राहू नका. मी हात जोडून विनवते.

मामींना नमस्कार, थोरलीला आशीर्वाद.

तुमची
ढालगज भाची

ता. क. – पत्र पेटीत टाकायच्या आधी सामानघरात जाऊन आले. तिला पुन्हा गुंडाळून ठेवा म्हणून बाईंच्या विनवण्या केल्या होत्या. बाईंनी गुंडाळली होती. टोकाशी कापडाच्या सगळ्या घड्या आरपार भोसकल्या गेल्या आहेत. तसाच मामींना पुन्हा फोन केला तर म्हणाल्या, काल जिना चढताना तुम्ही मध्येच बसलात. बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिच्या मनात त्या माणसाचं वाईट नाही हो. सुट्टी संपली की नाही, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. तो प्रसंग पुरा करा आणि संपलं म्हणा."

ता. क. २ – तेव्हा वर लिहिलेलं सगळं विसरा आणि या. समारंभाच्या आधी, दुपारी. फक्त मी, बाई आणि सराफ असू (सराफ नको म्हणत होते, पण येतायत). खुर्ची मी मांडून ठेवीन. तलवार माझ्याच हातात असेल, दुसऱ्या कुणाला देणार नाही. मार खायच्या प्रसंगांत बांधायचात ती ट्रंकेतली लोखंडी छाती कोटाच्या आत घाला. आणि टोक टेकलं की लगेच मरा. पडद्यावर मरताना तुम्ही खांबाला धरता, दोन पायऱ्या उतरता, आकाशाकडे बघून भाषण करता, तसलं काही करू नका. सरळ खाली पडा. मग बाई संपलं म्हणतील.

ता. क. ३ – एक राहिलं. मी लहान असताना आई मला तुमचं काम दाखवायला घेऊन आली होती. तुम्ही मेलात, सगळे चहाला गेले, आणि माझी गंमत करायला तुम्ही तसेच पडून राहिलात. माझी काय अवस्था झाली होती ते आईला विचारा. या वेळी मी मामा म्हणून हाक मारीन. पहिल्या हाकेला उठा.