दगडाची मागची बाजू

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, धंदा थडग्यांच्या दगडांवर अक्षरे कोरणे, राहणार दफनभूमीच्या फाटकाशेजारी, कार्यशाळेच्या वरच्या दोन खोल्यांत, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कान शाबूत, दात निम्मे, गुडघे कामातून गेलेले. पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचे नसते. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोडीगुलाबीने वळवलेले नाही. पन्नास वर्षे दगडावर लिहिण्यात गेली आणि तिथे खोडरबर चालत नाही, म्हणून या कागदावरही खोडाखोड आढळणार नाही. आढळलीच तर माझ्या हाताखालच्या पॉलिशवालीने चहा सांडला असे समजावे.

मृत्युपत्र हाती आले की माणसे शेवटचे पान आधी उघडतात. म्हणून सर्वांत मोठी गोष्ट मी पहिल्याच कलमात उरकते.

कलम १. मला एक सख्खा धाकटा भाऊ आहे. चर्चसमोरच्या चौकात त्याचे चष्म्याचे दुकान आहे, लोक त्याला चष्मेवाला म्हणतात आणि मी धाकटा म्हणते, म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वीपर्यंत म्हणत होते. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. त्याला मी माझ्या मालमत्तेतून काहीही देत नाही. छिन्नी नाही, खुर्ची नाही, दगडाची कपचीसुद्धा नाही. हे मी रागाने लिहिलेले नाही. कारण कलम ७ मध्ये दिले आहे. मधली कलमे ओलांडून तिकडे उडी मारणाऱ्याला मी वर गेल्यावर बघून घेईन.

कलम २. कार्यशाळा, अंगणातल्या सर्व शिळा, माझ्या चौदा छिन्न्या, बाबांची छोटी हातोडी आणि वरच्या दोन्ही खोल्या मी पॉलिशवालीला देते. ही बाई अठरा वर्षे माझ्याबरोबर दगड घासते आहे. तिचे तोंड आणि पॉलिशचे चाक एकदम सुरू होते आणि एकदमच बंद होते. अक्षरे मी कोरली, पण ती उन्हात चमकली ती तिच्या हाताने, आणि हे तिला मी तोंडावर कधी सांगितले नाही. सांगितले असते तर त्या दिवशी चाक थांबलेच नसते. ही जागा तिची आहे, इतर कोणीही हक्क सांगू नये.

बँकेत जे काही शिल्लक असेल त्यातून, ज्यांच्या मागे कोणी उरलेले नाही अशांचे कललेले दगड सरळ करून घ्यावेत.

कलम ३. कार्यशाळेतले भिंतीवरचे घड्याळ चर्चला द्यावे आणि ते व्यासपीठावरून पाळकसाहेबांना नीट दिसेल अशा जागी लावावे. त्यांना ते का दिले हे त्यांना कळेल. माणूस सोन्यासारखा आहे, पण प्रवचन सुरू केले की थांबायचे विसरतो.

घड्याळाबरोबर आमच्या जुन्या वादाचा निकालही त्यांना देऊन टाकते. आमच्या कार्यशाळेची एक रीत आहे. कोरताना चूक झाली तर दगड फेकायचा नाही. बाबा म्हणत, "दगडाने काय पाप केलंय? उलटा करा, घासा आणि पुन्हा लिहा." त्यामुळे या दफनभूमीत आडव्या बसवलेल्या निम्म्या दगडांना मातीकडे दडलेली, लिहिलेली मागची बाजू आहे. तिसऱ्या ओळीत जे कडक मुख्याध्यापक झोपले आहेत, त्यांच्या दगडावर पुढे "शिस्त हाच श्वास" असे लिहिले आहे आणि मागे "येथे थुंकू नये". ती शिळा मूळची बाजारपेठेसाठी होती, माप चुकले म्हणून परत आली. हे खरे की खोटे ते पाहायला कोणी मुख्याध्यापकांना हलवू नये.

एका रविवारी पाळकसाहेबांनी शेवटच्या न्यायावर प्रवचन केले. कर्णा वाजेल, थडगी उघडतील, प्रभू न्यायासनावर बसेल, मेंढरे उजवीकडे आणि शेरडे डावीकडे. बाहेर पडताना मी त्यांना दारात गाठले.

"थडगी उघडली की दगड उलटेपालटे होणार. मग देव कुठली बाजू वाचणार?"

"ताई, देव दगड वाचत नाही. काळीज वाचतो."

"म्हणजे माझा धंदा बसला म्हणायचा."

ते इतके हसले की हातातली पुस्तके खाली पडली. पण मला तेव्हाही वाटत होते आणि आता तर खात्रीच आहे, की देव मागची बाजूच आधी वाचतो. तसे का वाटते ते पुढे येते.

कलम ४. दफनभूमीच्या राखणदाराची मी या कलमाद्वारे माफी मागते. बाबा गेले त्या वर्षी अंगणातून एक काळी शिळा नाहीशी झाली. ती त्यानेच विकून खाल्ली असे मी गृहीत धरले आणि एकोणीस वर्षे त्याच्याशी बोलताना नाक वर ठेवले. त्याने ती घेतली नव्हती. त्याला माझी लोखंडी घडीची खुर्ची द्यायची होती, ती मी आज सकाळीच, हयातीत, स्वतःच्या हाताने दिली. मृत्युपत्रात का नाही, तेही कलम ७ मध्येच पाहावे.

कलम ५. आता भांडण. हे कोणालाच देता येण्यासारखे नाही, पण माझ्या मालकीचे सर्वांत जड सामान हेच, म्हणून नोंद करते.

बाबांनी मला अक्षर शिकवले. धाकट्याला ते छिन्नीला हात लावू देत नसत, कारण तो धरील त्या छिन्नीचे टोक मोडे. बाबा गेले तेव्हा त्यांचा दगड मी करणार हे सांगायची गरजच नव्हती. पहिला दगड केला, अक्षर फिके वाटले. दुसरा केला, ओळ आवडली नाही. असे चार दगड मी नापास केले आणि अकरा महिने गेले. बाबांच्या उशाला तोवर लाकडाची फळी होती, तिच्यावर खडूने लिहिलेला थडग्याचा आकडा.

धाकटा तीनदा येऊन गेला. "ताई, पाऊसपाण्यात खडू पुसला जातो गं. बाबा कुठे आहेत ते मलाच शोधावं लागतं."

"अरे, ही काय चष्म्याची दांडी आहे? स्क्रू फिरवला की झालं?"

चौथ्यांदा तो आला नाही. एका रविवारी उपासना संपवून मी दफनभूमीत गेले, तर बाबांच्या उशाला आडवा बसवलेला काळा चकचकीत दगड, अक्षरे यंत्राने कापलेली. सगळी एकसारखी, एकाही अक्षराला माणसाचा हात लागलेला नाही. पन्नास वर्षे हाताने लिहिणाऱ्या माणसाच्या उशाला! मी तिथेच, निम्मे चर्च ऐकत असताना म्हणाले, "आजपासून तू माझा भाऊ नाहीस. देव तुझा न्याय करील."

तो दगडापाशीच उभा राहिला. मी तरातरा घरी आले, अंगणातली एक शिळा ओढली आणि तिच्यावर कोरले: "येथे तो झोपला आहे, ज्याला बापाच्या उशाशी हाताची दोन अक्षरे ठेवता आली नाहीत. देवा, निवाडा कर." फार सुबक काम झाले. बापासाठी अकरा महिने पुरले नाहीत, भावासाठी एक दुपार पुरली. याची लाज मला त्या दिवशी वाटली नाही, आज वाटते.

ती शिळा भिंतीकडे तोंड करून कार्यशाळेत उभी आहे. दर रविवारी मी डाव्या बाकावर बसायची, तो उजव्या बाकावर, आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला प्रभू येणार हे शब्द आले की मी हळूच उजवीकडे पाहून घ्यायची. देव विसरू नये म्हणून. चष्मासुद्धा त्याच्या दुकानातून घ्यायचा नाही म्हणून बसने दोन तास जाऊन दुसऱ्या शहरातून आणला. त्याचा नंबर पहिल्या दिवसापासून चुकलेला आहे, पण हे कबूल करण्यापेक्षा मी डोळे बारीक करून दिवस काढले.

कलम ६. गेल्या महिन्यात दफनभूमीखालची पाण्याची नळी फुटली, जमीन खचली आणि बाबांचा दगड कलला. राखणदाराने पहार घालून तो उचलला आणि मला हाक मारली.

"ताई, लवकर या. मागे कुणीतरी लिहिलंय."

मागे खरेच लिहिलेले होते, आणि हाताने. छिन्नी उभी धरलेली, त्यामुळे प्रत्येक अक्षराला खड्डा. ओळ डावीकडून निघून उजवीकडे उताराला लागलेली. अशी ओळ जगात एकच माणूस लिहितो. शाळेच्या वहीत तशीच लिहायचा म्हणून दर शनिवारी छड्या खायचा. बाबांचे नाव, त्याखाली "आमचे बाबा", त्याखाली "देवा, यांना" आणि तिथे दगडच संपला होता. नवशिक्याची ठरलेली चूक: सुरुवातीला अक्षर मोठे काढायचे आणि शेवटी जागा उरत नाही. शिळा आमच्याच अंगणातली होती. कडेला बाबांनी मापासाठी मारलेली खूण मी ओळखली.

म्हणजे माझ्या भावाने आधी स्वतःच्या हाताने प्रयत्न केला होता. जमले नाही, तेव्हा त्याने आमच्या घराची रीत पाळली. दगड उलटा केला आणि दुसरी बाजू यंत्रवाल्याकडे नेली. मी पुढची बाजू वाचली आणि निकाल दिला.

मी शेजारच्या थडग्यावर मटकन बसले.

"ताई, रडताय की हसताय?"

"दोन्ही. तू पहार नीट धर, बाबा पुन्हा पडतील."

एकोणीस वर्षे मी देवाकडे न्याय मागत होते. तो त्याने केला, आणि माझ्या सोयीने केला नाही. भावासाठी कोरलेल्या वाक्यातला "तो" बदलून "ती" केली की ते अक्षर न् अक्षर मला लागू पडते, कारण बाबांच्या उशाशी आजवर माझे एकही अक्षर नाही. सबब, ती भिंतीकडची शिळा माझ्या थडग्यावर लावावी. मागचा मजकूर घासून काढू नये. पुढच्या बाजूला पॉलिशवालीने फक्त माझे नाव लिहावे, कोणताही गुण जोडू नये. कर्णा वाजला की मी ती स्वतःच उलटी करून प्रभूपुढे धरीन. त्याने ती वाचून मला शेरडांत ढकलले तर तक्रार नाही. पण माझा अंदाज असा, की तो वाचेल, मान हलवील आणि म्हणेल, उलटा करा, घासा आणि पुन्हा लिहा. बाबा हे वाक्य कुठून शिकले असतील याचा मी आता विचार करू लागले आहे.

कलम ७. महिना झाला, धाकट्याला हे सांगायला माझे पाय चौकाकडे वळलेले नाहीत. देवापुढे उभे राहायची मला फारशी भीती नाही. चष्म्याच्या दुकानापुढे उभे राहायची आहे. त्याच्याशी न बोलताच मेले तर वर गेल्यावर पहिल्याच प्रश्नाला माझी दातखीळ बसेल.

वकीलबाईंनी सांगितले, मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला त्यातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. तेव्हाच मी ठरवले. धाकट्याला मी काही देत नाही, कारण मला तो साक्षीला हवा आहे. इथेही आणि तिथेही. माझी मागची बाजू त्याच्याइतकी कोणी सोसलेली नाही; तो माझ्या बाजूने बोलला तर देवालाही ऐकावे लागेल. खुर्ची मिळाल्याने खूश असलेल्या राखणदाराला मी दहा वाजता दुकानाकडे पाठवले आहे. निरोप एवढाच: "ताईने सहीला बोलावलंय." धाकटा आला नाही तर दुसऱ्या साक्षीदाराची जागा कोरीच ठेवावी, दुसऱ्या कोणाचीही सही घेऊ नये. मग हे मृत्युपत्र रद्द झाले तरी चालेल.

पुरवणी. अकरा वाजून दहा मिनिटे. तो आला आहे. समोर बाकावर बसून त्याने वरची सगळी पाने वाचली, नाक पुसले, पुन्हा सहावे कलम वाचले. मग एकोणीस वर्षांनंतरचे पहिले वाक्य बोलला:

"ताई, हा चष्मा कुणी दिला तुला? नंबर साफ चुकलाय."

"बोलला का नाहीस रे इतकी वर्षं?"

"काय बोलणार? दगड वाया घालवला, तोही तुझ्या अंगणातला. तू मारलं असतंस."

"मारलं असतं," मी म्हणाले. "पण 'देवा, यांना' काय? पुढे काय लिहायचं होतं?"

"सांभाळ म्हणायचं होतं. त्याआधीच दगड संपला."

"म्हणजे बाबांना एकोणीस वर्षं बिनसांभाळाचं ठेवलंस!"

पॉलिशवालीने चाक बंद केले, म्हणजे ती रडत होती. उद्या सकाळी राखणदार दगड पुन्हा उचलणार आहे. मागच्या बाजूच्या कडेला तो शब्द बारीक अक्षरात मी माझ्या हाताने कोरणार आहे. बाबांचा दगड अखेर पुरा होईल, जरा उशीर झाला खरा. तोवर हे मृत्युपत्र इथे पुरे करते.

ठिकाण: कार्यशाळा, खिडकीजवळचे टेबल.
वेळ: सोमवार, सकाळ, ऊन टेबलावर आलेले.

(सही) दगडवाली ताई

साक्षीदार पहिला: (सही) दफनभूमीचा राखणदार. खुर्ची मिळाली, मृत्युपत्रातून नव्हे.

साक्षीदार दुसरा: ताईने माझ्यासमोर शुद्धीवर असताना सही केली हे मी लिहून

(जागा संपली. पान उलटावे.)

देतो. तिचं डोकं ठिकाणावर आहे, फक्त डोळ्यांचा नंबर चुकलाय. तो मी आत्ताच तपासला. नवीन चष्मा बुधवारी तयार होईल, तोवर हे मृत्युपत्र वापरायचं नाही. देवा, हिला सांभाळ.
(सही) धाकटा