कुंकवाखालचा गंज

तिसगाव,
भाद्रपद वद्य पंचमी, १९७२

प्रिय श्रीमंत,

तुझं पत्र बाजाराच्या दिवशी मिळालं. शोभाचा ताप उतरला हे वाचून बरं वाटलं. सूनबाईला म्हणावं, लगेच कामाला लागू नकोस. इकडं पाऊस नाही तो नाहीच. बाजरी गुडघ्याएवढी झाली आणि उभ्या उभ्या वाळली. निम्मं गाव रस्त्याच्या खडीकामावर जातं. मी बरी आहे.

तू हत्यारं बघायला सांगितलेले छगन मिस्त्री पाथर्डीहून येऊन गेले. त्यांना दाखवायची म्हणून मी तुझ्या दादांची सुतारकामाची पेटी उघडली. गेल्या दसऱ्यानंतर ती कुणी उघडली नव्हती. तुला ठाऊकच आहे, खंडेनवमीला दादा सगळी हत्यारं पाटावर मांडत, पाणी शिंपडून ओल्या बोटानं हळदकुंकू लावत, झेंडू वाहत. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. दशमीला उजाडलं की सोनं लुटायच्या आधी सगळी कोरडी पुसून तेलाचा हात फिरवायचा, मग पेटीत. गेल्या वर्षी पूजा झाली आणि दशमीला ते उठलेच नाहीत. माणसं जमली, तेव्हा जागा करायला कुणीतरी पाट उचलला आणि हत्यारं तशीच, फुलांसकट, पेटीत ठेवली. पूजेचं आहे म्हणून पुसलं कुणीच नाही. मीही नाही.

छगन मिस्त्रींनी लाकूड तासायचा वाकस हातात घेतला, पालथा केला आणि म्हणाले, "वैनी, ह्ये आता मोडीतच जायचं. लाकडाला न्हाई लागत." माणूस वाईट नाही. जे दिसलं ते बोलले. बिनदुधाचा चहा घेऊन, पुढच्या बाजारी पोतं घेऊन येतो असं सांगून गेले.

ते गेल्यावर मी हत्यारं ओसरीवर काढली. पटाशा, रंधा, करवत, सगळ्यांवर तांबडा थर. मोडीत जायची तर जावोत, पण अशी नकोत, एवढंच मनात होतं. भांडी घासतात तशी राख आणि पाणी घेऊन घासली. लख्ख झाली. सकाळी पाहते तर पुन्हा लालसर. मग आठवलं, दादा हत्याराजवळ पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवू देत नसत. मला त्यावरून कितीदा राग यायचा. दिव्यातलं घासलेट काढलं, त्यात चिंध्या भिजवून पात्यांवर गुंडाळून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी विटकरीची बारीक भुकटी चाळून घेतली आणि काथ्यानं पात्याच्या लांबीनं घासत बसले. आडवं घासलं की ओरखडे पडतात. गंज पिठासारखा सुटत होता. हाताची बोटं तांबडी झाली. पुसून उन्हात तापवली आणि करडीचं तेल लावलं. पुन्हा गंज आला नाही.

पण एक झालं. वरचा गंज निघाला तसे खालचे डाग दिसायला लागले. जिथं जिथं दादांनी ओलं कुंकू लावलं होतं, तिथं लोखंड जास्त खाल्लं गेलं आहे. प्रत्येक हत्यारावर बोटाएवढा काळपट ठिपका. वाकसावर तर बोट थोडं ओढल्यासारखं, लांबट. त्यांचं बोट तसंच ओढलं जायचं, गोठ्याच्या दारावरच्या कुंकवातही दिसतं बघ. मी भुकटी खाली ठेवली आणि दोन दिवस वाकसाला हात लावला नाही.

तेवढ्यात शेजारची छबूबाई आली. ती खडी फोडायला जाते. तिचा हातोडा दांड्यातून निसटत होता आणि गावात आता सुतार कुठं आहे? तिला म्हटलं, ठेव. गुरांच्या वाडग्यातली बाभळीची फांदी वाळलेली होती, ती घेतली. वाकस मारून पाहिला तर तो घसरला. तो ठिपका नेमका धारेला लागून होता, तिथं धार तुटत होती. मग मी बसले आणि तो घासून काढला. पूर्ण. निसण्याच्या दगडावर धार लावली. लग्न झाल्यापासून दादांच्या करवतीचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं, लाकूड मला अगदीच परकं नाही. दांडा तासला, पाचर मारली. जरा वाकडा आला. छबूबाईनं फिरवून पाहिला आणि म्हणाली, "आसू दे वाकडा, दगूड तरी कुठं सरळ हाय?" मग हसून म्हणाली, तुमचे मिस्त्री चार शब्द ऐकवून मग दांडा द्यायचे, तुम्ही न बोलताच दिला.

तिनं खडीवर सांगितलं असावं. रोज कुणी ना कुणी हातोडा, कुदळ, फावडं घेऊन येतं. कुणी ज्वारी देतं, कुणी नुसतंच बरं झालं म्हणतं. आता दांडे सरळ येतात. दसरा झाला की ऊसतोडीला जाणारे कोयत्यांच्या मुठींसाठी येतील, तिघांनी आत्ताच सांगून ठेवलं आहे. गाडीचं चाक मला जमणार नाही, ते मी घेणारही नाही. छगन मिस्त्री पोतं घेऊन आले तेव्हा त्यांना परत पाठवलं. वाकसाची धार अंगठ्यावर पाहून त्यांनी पोतं गुंडाळून काखेत मारलं. तेव्हा मला न्यायचं म्हणून पिंपरीला मोठी खोली बघतो आहेस ती बघू नकोस. मी इथंच राहणार आहे. तुझं बोलणं मायेचं आहे हे मला कळतं.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. दादांचं वर्षश्राद्ध दशमीला आहे आणि तू त्या दिवशी सकाळच्या एसटीनं येणार आहेस. एक दिवस आधी ये. नवमीला हत्यारं पाटावर मांडायची आहेत. यंदा त्यांना कुंकू लावायला घरात दादा नाहीत, आणि गल्लीतल्या बायका म्हणतात, मी कुंकवाला हात लावायचा नसतो. रजा मिळाली तर तू लाव, मला आनंद होईल. नाही मिळाली तर मी माझ्या बोटानं लावीन, कुणाला विचारणार नाही. आणि कुंकू कुणीही लावलं तरी दशमीला उजाडताच, श्राद्धाच्या तयारीला लागायच्या आधी, ते पुसून तेल मीच लावणार आहे. तेवढं गेल्या वर्षी राहून गेलं.

तुझीच,
आई