कोटाच्या पाठीवरचा पत्ता

व्हर्जिनिया, २ जून १८६४
दुपारचे चार, चिठ्ठ्या लिहिताना

प्रिय आईस एझ्राचा नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर मिळतं. उद्या पहाटे हल्ला आहे. ओळख पटावी म्हणून प्रत्येक जण नाव-पत्ता कोटाच्या पाठीला टाचतो. माझं अक्षर बरं, म्हणून सगळे माझ्याकडेच येतात.

आमचे कॅप्टनही आले. हे जर्मनीकडच्या प्रशियाचे बॅरन, म्हणजे सरदार, आपल्या यादवीत लढायला आलेले. त्यांच्या लांबलचक नावातच चिठ्ठी संपली.

"साहेब, तुम्हाला दोन पाठी लागतील," आमच्यातला लेव्ही म्हणाला.

ते हसले. "नुसतं आउगुस्ट लिही."

"आणि पत्ता?"

"तिकडे मला टाकलंय सगळ्यांनी. ज्या बाईंनी मोजे पाठवले, त्यांचा लिही."

आई, तुझे मोजे मी त्यांना दिले होते. मला नाही म्हणवेना. तुला न विचारताच तुझा पत्ता लिहिला. आता आम्हा दोघांच्या पाठीवर एकच पत्ता आहे.

तुझा गुडघा कसा आहे?

सैन्याचं पाकीट आलं तर आधी नाव नीट वाच. आउगुस्ट असलं तरी थोडं रड. त्यांच्यासाठी रडायला दुसरं कोणी नाही.

तुझाच,
एझ्रा