हळदीखाली गेलेलं नाव

बोर्ली पंचतन, माघ वद्य नवमी

छापखान्यानं अक्षरं छापली की नाचवली? माझ्या लेकानं, दत्तूनं, नातीच्या लग्नपत्रिकेला मुंबईची तिरपी, नखरेल अक्षरं निवडली. एक रेघ बोटाएवढी जाड, दुसरी केसाएवढी.

आज नवरीचा मामा उंबऱ्यातूनच ओरडला, "मावशी, माझ्या मेलेल्या बहिणीचं नाव गाळलंत व्हय? मग मंडपात पोरीला आणायला दुसरा मामा बघा!" पत्रिका उंबऱ्यातच टाकून पाणीही न पिता गेला.

त्याची पत्रिका उजेडात धरली. सुनेचं, म्हणजे त्याच्या बहिणीचं, नाव होतं, पण केसाएवढ्या रेघा हळदीखाली बुडालेल्या. हळद लावली कुणी? मीच. चार कोपरे सोडून नेमकी तिच्या नावावर का? बोट घसरलं असेल. घसरलंच.

दत्तू म्हणतो चिठ्ठी पाठवू. चिठ्ठी नको. अक्षरं त्याची, हळद माझी. उद्या मामाच्या दारात जाब मीच देईन. दत्तूनं तोंड उघडायचं नाही.