भिंतीवरची पुराची रेघ

मद्रास, डिसेंबर १९५८, गुरुवार संध्याकाळ

आज शाळेत अमेरिकन पाहुण्या बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवली. अपालाचियन डोंगरांतलं, नदीकाठचं त्यांच्या पणजीचं गाव. विटांची घरं, होड्यांचा धक्का, दारापुढे आपल्या तिण्णैसारखे लाकडी ओटे. मी मुलींना तमिळमध्ये समजावत होते. मग एका घराची भिंत आली. खिडकीच्याही वर एक काळी रेघ. "पूर इथवर चढला होता," बाई म्हणाल्या.

ती रेघ. कावेरीच्या पुरानंतर आमच्याही घराला तशीच राहिली होती. पाणी आत शिरायच्या आधीच मी माळ्यावर चढले होते. बारा वर्षांची होते. खाली पाण्यात धाकटी बहीण वेणू हात वर करून ओरडत होती, "अक्का, मला ओढ!" मी भ्याले, हात पुढे केलाच नाही. वेणू वाहून गेली. सगळ्यांना सांगितलं, हात निसटला.

घरी येताच यांनी विचारलं, "चेहरा असा का?"

"अहो, वेणूचा हात निसटला नव्हता. मी धरलाच नव्हता."

वीस वर्षांत पहिल्यांदा मी खरं बोलले. हे हळूच म्हणाले, "तुझ्या आईला कळू देऊ नकोस."

आमच्याकडेच राहणारी आई मागे दारातच उभी होती.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या बाह्या कोरड्या होत्या, सुमे."

आणि आत जाऊन तिनं पानं मांडली. नेहमीसारखं आधी मला वाढलं. कशी मला वाढत आली असेल ही, इतकी वर्षं?