गोणीच्या तोंडाचा कांदा

बेलापूर, ता. श्रीरामपूर,
१० ऑगस्ट २०२५

ती. दादांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी घसा बसेस्तोवर ओरडत होते की कानाच्या डॉक्टरकडे गेलात का, आणि तुम्ही तिकडून शांतपणे सांगितलंत की हो, बाजरी चांगली उगवलीय. माझा आवाज ऐकून शेजारच्या बनुबाई तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावत आल्या. त्यांना वाटलं, कोणाला साप चावला! तेव्हाच ठरवलं की आता फोन पुरे, पत्रच लिहायचं. जन्मभर पोस्टमन होऊन लोकांची पत्रं वाटलीत, आता जरा स्वतःची वाचा.

बातमी मोठी आहे. आमच्या बायांच्या गटाची कंपनी झाली हे तुम्हाला माहीत आहेच. यंदा साठवणीच्या चाळीतला उन्हाळी कांदा आम्ही मोबाईलवरच्या लिलावात विकणार आहोत. कांद्याचे फोटो टाकायचे, आकार आणि वजन लिहायचं, की कुठल्या कुठले व्यापारी आपापल्या पेढीवर बसून बोली लावतात. पटली की ट्रक आपल्या दारात. ट्रॅक्टर रांगेत लावून दिवसभर उन्हात बसायला नको. मोबाईलचं सगळं अश्विनी बघते. ती गटातली सगळ्यात लहान, पण बोटं अशी चालतात की मला बघूनच गरगरतं.

पण दादा, जीव टांगणीला लागलाय. मामंजी गेल्यापासून घरातला कांदा सासूबाईंनी विकला. ट्रॅक्टरवर बसून त्या स्वतः लिलावाला जातात, हमालांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सगळे गोजरबाई म्हणून त्यांना ओळखतात. यंदा पहिल्यांदाच त्यांनी माझ्यावर सोडलं, आणि बजावलंय की फसलं तर पुन्हा कांद्याच्या व्यवहारात तोंड घालायचं नाही. हे नगरला कंपनीत कामाला, रविवारचे येतात आणि दोघींच्या मध्ये पडत नाहीत. गटातल्या बायाही माझ्याच भरवशावर थांबल्यात. त्यांच्या घरचे रोज विचारतात की चाळ रिकामी होणार कधी. तुमचा आशीर्वाद हवाय, आणि काही सुचत असेल तर तेही लिहा.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच ठेवा.

तुमची,
राजनंदिनी

*

टाकळी, ता. पाथर्डी,
१६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. राजनंदिनी हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पाकिटाचा कोपरा दुमडलेला होता, म्हणून नव्या पोस्टमनला चार शब्द सुनावले. तो हसला आणि सायकलला टांग मारून गेला. कानाचं विचारू नकोस. निम्म्या गावाचं बोलणं ऐकू येईनासं झाल्यापासून माझा रक्तदाब उतरलाय, असं तुझी आई म्हणते.

लिलाव आणि आरडाओरडा नाही, म्हणजे वाजंत्रीशिवाय लग्न! पण मला कौतुक वाटलं. तू चौथीत असताना पाथर्डीच्या बाजारात मापाड्याशी भांडली होतीस, तेव्हाच मी ओळखलं होतं की ही पोरगी गप्प बसणाऱ्यातली नाही.

सुचवायचं म्हणशील तर एकच. माणूस आधी तोंड बघतो. आपली सीताफळाची पाटी तुझी आजी कशी भरायची आठवतंय ना? खाली पाला, मग फळं, आणि वर एक थर डोळे उघडलेल्या मोठ्या फळांचा. त्यात लबाडी नव्हती, गिऱ्हाइकाचा मान होता. तुमचा व्यापारी परमुलखातला, त्यात पहिलीच गाठ. गोणीच्या तोंडाला टपोरा कांदा लावा, म्हणजे उघडल्याबरोबर त्याचं मन प्रसन्न होईल. हे विहीणबाईंना वाचून दाखव. त्या बाजारातल्या जाणत्या आहेत, त्यांना माझं म्हणणं पटेल.

धीर सोडू नकोस. इकडची काळजी नको, पण आठवण मात्र करत जा.

तुझे,
दादा

*

बेलापूर,
६ सप्टेंबर २०२५

ती. दादांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं, तिथंच घात झाला.

आधी सगळं छान चाललं होतं. भुवनेश्वरच्या एका व्यापाऱ्यानं सगळ्यात वरची बोली लावली. ट्रक आला तेव्हा बायांनी त्याला कुंकू लावलं, बोनेटवर नारळ फोडला. ड्रायव्हर बिचारा लाजून लाल झाला! त्या सकाळी मला कंपनीच्या कामाला श्रीरामपूरला जावं लागलं. मी परत आले तोवर गोण्या शिवून ट्रकमध्ये चढल्या होत्या.

मोबाईलवर आम्ही प्रामाणिकपणे लिहिलं होतं की कांदा मध्यम, सगळा एकसारखा. व्यापाऱ्यालाही तोच हवा होता. मी नसताना सासूबाईंनी काय करावं? बियाण्यासाठी निवडून टांगून ठेवलेले त्यांचे टपोरे कांदे खाली काढले आणि प्रत्येक गोणीच्या तोंडाला एकेक थर लावला. बियाण्याचे, दादा! ज्याला त्या घरातल्या कोणाला हात लावू देत नाहीत, ते.

तिकडे त्या माणसानं गोण्या फोडल्या. वर मोठा, आत मध्यम. आम्ही जास्तीचं दिलं हे त्याला कसं कळणार? त्याला वाटलं, फसवलं. माल त्यानं ठेवून घेतला, ठरलेलं दिलंही, पण मोबाईलवर आमच्या कंपनीच्या नावाखाली शेरा मारला की यांचा माल वर एक आणि आत एक. तो शेरा देशभरातले व्यापारी वाचतात. तेव्हापासून एक बोली नाही. निम्मी चाळ भरलेली आहे, हवा दमट आहे आणि कांद्याला कोंब फुटायला लागलेत.

मी रागाच्या भरात सगळ्या बायांसमोर सासूबाईंना विचारलं की हे करायला तुम्हाला सांगितलं कोणी. त्या एवढंच म्हणाल्या की तुझ्या बापानं. आता त्यांनी अबोला धरलाय. पितृपक्ष संपेपर्यंत थांबणार आणि घटस्थापना झाली की ट्रॅक्टर भरून नेहमीसारखं बाजाराला नेणार, असं त्यांनी माझ्याऐवजी ह्यांना सांगितलं. बायाही आता नजर चुकवतात. मी चारचौघांत त्यांच्यावर ओरडायला नको होतं, हे मला कळतं. पण मी करू तरी काय? त्या व्यापाऱ्याला मोठाच्या मोठा मेसेज लिहिला, त्याचं उत्तर नाही.

तुमच्यावर रागावलेय. तरी उत्तर लगेच लिहा, वाट बघते.

तुमची,
राजनंदिनी

*

टाकळी,
१० सप्टेंबर २०२५

श्रीमती गोजरबाई विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुमच्या नावानं लिहितोय. चूक माझी आहे. तुम्ही माझ्या शब्दाला मान दिलात, बियाणं मोडलंत आणि बोलणी खाल्लीत. वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. पोरगी तुम्हाला चारचौघांत बोलली, त्याचीही माफी मीच मागतो. तिची जीभ माझ्यावर गेलीय.

दोन दिवस विचार करतोय की आमच्या पाटीला कधी कोणी नाव ठेवलं नाही, मग तुमच्या गोणीला का ठेवावं? पाथर्डीच्या बाजारात गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं. वरचा थर त्याला दिसायचा, पण तो पाटीत कोपरापर्यंत हात घालून तळातलं फळ वर काढायचा, दाबून बघायचा. माझी आई त्याला अडवायची नाही. तुमच्या भुवनेश्वरच्या माणसाला इतक्या लांबून हात घालता येत नाही. हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

ट्रॅक्टर न्यायचा की नाही हा तुमचा अधिकार. पण राग धरायचाच तर माझ्यावर धरा, पोरीला एक संधी द्या. सोयरिकीतला गोडवा आटू देऊ नका, ही हात जोडून विनंती.

आपला,
भागवत

*

बेलापूर,
१६ सप्टेंबर २०२५

व्याही भागवतराव यांना गोजरबाईचा रामराम.

चौथी शिकल्याली बाई हाय मी, अक्षराला हसू नका.

तुमी माफीबिफी मागू नका. कांदे मी लावले, माज्या हातानं लावले. तुमी सांगितलं नसतं तरी लावले असते. आमच्या आईनं लावले, सासूनं लावले, आन मी तसेच लावीत आले. बियान्याचं मनावर घेऊ नका, माहेरून आनीन.

राग मला निराळ्याच गोष्टीचा हाय. इतकी वर्सं लिलावात उभी ऱ्हायले, कुनी लबाड म्हनलं न्हाई. आन एका न बघितलेल्या मानसानं मला लबाड म्हनावं? लई लागलं जिवाला. सुनेशी बोलनं बंद हाय, पर भाकरी तिच्याच हातची खाते, तवा काळजी करू नका. रडती ती चाळीत जाऊन. तिला वाटतं मला दिसत न्हाई.

तुमचं पत्र वाचलं आन एका जागी अडकले. तुमी लिवलंय का त्या मानसाला हात घालता येत न्हाई. व्हय की! मग आपला हात त्याला द्यावा. मी अश्विनीला बोलावलं आन इचारलं, पोरी, मोबाईलवर तो मानूस आपल्याला दिसतो का, आन आपून त्याला दिसतो का. ती म्हनली, दिसतं की. मग मी तिला लिवायला लावलं, का घटस्थापनेदिवशी सांच्याला आमी गोन्या भरून वळीनं मांडतो. कुठली फोडायची ती तुमी तिकडून सांगा. ती गोनी मी तुमच्या म्होरं पालथी करते. मग काय बोलायचं ते बोला.

पयल्या दिवशी जबाब आला न्हाई. काल आला. बघू म्हनतोय.

सुनेला अजून सांगितलं न्हाई. फसलं तर तिला दुसऱ्यांदा तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई. फसलंच तर ट्रॅक्टर हायेच. विहीणबाईंना सांगा, तुमची लेक गुनाची हाय, फकस्त तोंडाळ हाय. हिकडं एकदा या. लोभ हाय तो हायेच, मी कुठं कमी करती.

गोजरबाई

*

बेलापूर,
२३ सप्टेंबर २०२५

ती. दादांना,
सा. न. वि. वि.

तुम्हाला सगळं ठाऊक होतं आणि मला कळवलं नाहीत! पण आज भांडायला वेळ नाही, आधी कालचं सांगते.

काल घट बसले. दुपारी सासूबाईंनी स्वतःच ताडपत्री अंथरली. मला वाटलं, ट्रॅक्टर भरायची तयारी. मी मुकाट्यानं गोण्या भरायला लागले. त्या येऊन जवळ बसल्या आणि गोणीच्या तोंडाला मी चुकून एक मोठा कांदा ठेवला तर तो उचलून बाजूला टाकला. तेवढ्यात अश्विनी मोबाईल धरून आली, मागं सगळ्या बाया, आणि स्क्रीनवर तो भुवनेश्वरचा व्यापारी!

तो आपल्या पेढीवर बसलेला, चष्मा कपाळावर, चेहरा कडू. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि त्यांची ती बाजारातली हिंदी सुरू केली. सांगितलं की वरचा कांदा मैंने लगाया, मेरे घर का बियाना था, तुमको अच्छा लगे म्हनून लगाया. आमच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, पण तो हसला नाही. त्यानं मागच्या ओळीतली, भिंतीला लागलेली गोणी दाखवली. बनुबाई आणि मी ती ओढत आणली. सासूबाईंनी सुतळी तोडली आणि गोणी पालथी केली.

सगळा कांदा मध्यम, एकसारखा. पण मधोमध एक सडका निघाला. दादा, मला वाटलं, संपलं. मी पटकन पाय पुढं केला, तो झाकावा म्हणून. खरं सांगते, केला. सासूबाईंनी माझा पाय हातानं बाजूला सारला, तो सडका कांदा उचलला आणि मोबाईलच्या अगदी समोर धरला. म्हणाल्या की एवढ्यात हा एक आहे, चाळीतला माल आहे, असे निघतात, ट्रकमध्येही निघतील.

त्यानं मान पुढं काढून तो कांदा बघितला. मग त्यानं आणखी एक गोणी सांगितली, मग आणखी एक. सासूबाई ओतत गेल्या, घामानं निथळत होत्या, पण मला हात लावू दिला नाही. शेवटी त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि विचारलं की तो वरचा कांदा खरंच बियाण्याचा होता का. सासूबाई म्हणाल्या की हो, आणि आता माझ्याकडे बी नाही. तेव्हा तो पहिल्यांदा हसला. त्याच्या आईचीही टोपली तशीच भरायची रीत आहे म्हणाला. शेरा काढतो आणि चाळीतला उरलेला सगळा माल घेतो, म्हणाला. पण पुढच्या वेळीही गोण्या अशाच फोडून दाखवायच्या, ही त्याची अट. अश्विनीनं लगेच मोबाईलवर आमच्या नावापुढं लिहूनच टाकलं की कुठलीही गोणी सांगा, ओतून दाखवतो. आज सकाळी गुवाहाटीच्या कोणीतरी विचारणा केली आहे.

पण खरी गोष्ट पुढं आहे. त्यानं सासूबाईंना भाव विचारला. इतकी वर्षं भावाचं त्याच बोलत आल्यात, ते त्यांना कुठं नवीन आहे? पण त्यांनी अश्विनीच्या हातातला मोबाईल घेतला, माझ्याकडे फिरवला आणि त्याला सांगितलं की भाव हिच्याशी ठरवा, आमच्या घरातला कांदा ही बघते. एवढ्या दिवसांत माझ्याविषयी त्यांच्या तोंडून निघालेले ते पहिले शब्द. बनुबाईंनी कमरेला चिमटा काढला तेव्हा माझं तोंड उघडलं, आणि मी भाव सांगितला.

आईला आणि तुम्हाला नमस्कार. तुमच्या लेकीला असंच मायेत राहू द्या.

तुमची,
राजनंदिनी