फणसाच्या खड्ड्यातलं रोप

मंगळवार, संध्याकाळ. पावस.

फणस चुलतभावाचा, सुरेशचा; जमीन माझी. आजोबांनी वाटणीच तशी केली. वादळात फणस पडला, तेव्हा वाटलं, झाडाबरोबर त्याचा हक्कही गेला. सुटलो! आज तलाठ्याकडून परततो तर त्याच खड्ड्यात सुरेशने फणसाचं नवं रोप लावलेलं. माझ्या जमिनीत! एवढा निर्लज्जपणा?

"उपटून टाकीन," मी ओरडलो.

"उपट की. मग विहिरीवर कुठनं जातोस ते बघतो."

विहीर सामाईक, पण वाट त्याच्या अंगणातून. त्या वाटेचा कागद माझ्याकडे तरी कुठे आहे?

मघाशी बघितलं, रोपाने मान टाकलेली. मेलं तर मीच मारलं म्हणेल, हरामखोर. शेवटी त्याच्याच अंगणातून कळशी भरून आणली आणि शिव्या घालत रोपाला पाणी घातलं.